निन्टेंडोचा ‘६४डीडी’ : चार वर्षे ‘आगामी’ राहिलेला डिस्क ड्राइव्ह

घरगुती व्हिडिओ गेम यंत्राला स्वतंत्रपणे जोडता येईल असा डिस्क ड्राइव्ह बाजारात आणण्याचा मनोदय जपानच्या निन्टेंडो कंपनीने नोव्हेंबर १९९५ मध्ये जाहीर केला. पुढे ‘६४डीडी’ या नावाने ओळखला गेलेला हा ड्राइव्ह ग्राहकांच्या हाती पडला तो डिसेंबर १९९९ मध्ये, आणि तोही केवळ जपानमध्ये. त्यानंतर जेमतेम सव्वा वर्षात, फेब्रुवारी २००१ मध्ये, त्याच्याशी संलग्न सेवा बंद करण्यात आली.

या यंत्रात तांत्रिक दोष होता, असे म्हणता येत नाही. त्यातील अनेक कल्पना काळाच्या पुढे होत्या आणि त्यांपैकी काही नंतर अन्य स्वरूपात यशस्वीही झाल्या. तरीही मूळ यंत्र अपयशी का ठरले, या प्रश्नाचे उत्तर एका कंपनीपुरते मर्यादित नाही. ‘आधी मुख्य यंत्र घ्या, उरलेला भाग नंतर मिळेल’ असे आश्वासन जेथे दिले जाते, तेथे ते लागू पडते.

कार्ट्रिज की सीडी?

‘निन्टेंडो ६४’ हा गेम कन्सोल २३ जून १९९६ रोजी जपानमध्ये २५,००० येन या किमतीला विक्रीस आला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तो अमेरिकेत पोहोचला. त्याच्या गेमसाठी कंपनीने कार्ट्रिजचा पर्याय निवडला होता. कार्ट्रिज म्हणजे ज्यात इलेक्ट्रॉनिक चिपवर गेम साठवलेला असतो, अशी प्लॅस्टिकची डबी. भारतात १९९० च्या दशकात टीव्हीला जोडल्या जाणाऱ्या खेळयंत्रांमुळे ती घराघरांत परिचित झाली होती. मुले तिला सरसकट ‘कॅसेट’ म्हणत.

प्रतिस्पर्धी सोनी कंपनीने डिसेंबर १९९४ मध्ये जपानमध्ये आणलेला ‘प्लेस्टेशन’ मात्र सीडीवर चालत होता. सीडीवर सुमारे ६५० मेगाबाइट माहिती मावत असे. ‘निन्टेंडो ६४’ सोबत आलेल्या ‘सुपर मारिओ ६४’ या गेमचे कार्ट्रिज होते अवघे ८ मेगाबाइटचे.

कार्ट्रिजचे फायदे स्पष्ट होते. चिपमधील माहिती तत्काळ वाचता येते, त्यामुळे खेळणाऱ्याला वाट पाहावी लागत नाही. कार्ट्रिज सहजासहजी खराब होत नाही आणि त्याची बेकायदा नक्कल करणेही कठीण असते. मात्र ते तयार करण्याचा खर्च सीडीच्या तुलनेत बराच अधिक होता. गेम निर्मात्यांना कित्येक आठवडे आधी मागणी नोंदवावी लागे. अंदाज चुकला, तर न विकलेला महागडा माल अंगावर पडे. मागणी अचानक वाढली, तर वेळेवर पुरवठा होत नसे. सीडी अल्प खर्चात आणि अल्प काळात छापता येत असे.

निन्टेंडोला या उणिवेची जाणीव होती. कन्सोलच्या तळाशी जोडायचा डिस्क ड्राइव्ह हे त्यावरचे उत्तर होते. मुख्य यंत्र स्वस्त राहावे, कार्ट्रिजचा वेग कायम राहावा आणि ज्यांना अधिक साठवण हवी त्यांनी पूरक यंत्र घ्यावे, अशी ही योजना होती. त्यासाठी ‘निन्टेंडो ६४’ च्या तळाशी एक जोडणीमुख पहिल्या दिवसापासून ठेवण्यात आले होते. कन्सोल विकत घेणाऱ्या प्रत्येकाच्या घरी ते झाकणाआड होते.

ड्राइव्हमध्ये काय होते?

‘६४डीडी’ मध्ये सीडी नव्हे, तर चुंबकीय डिस्क वापरली जात असे. संगणकाच्या फ्लॉपीप्रमाणे ती कठीण प्लॅस्टिकच्या आवरणात बंद असे. मात्र तिची क्षमता ६४ मेगाबाइट होती. सीडीच्या तुलनेत ही क्षमता सुमारे एक दशांश भरते. परंतु सीडीला शक्य नसलेली एक गोष्ट ही डिस्क करू शकत होती : तिच्यावर नवी माहिती लिहिता येत असे. डिस्कच्या प्रकारानुसार सुमारे ३८ मेगाबाइटपर्यंतची जागा खेळणाऱ्याला वापरता येण्याजोगी होती.

हा फरक लहान नव्हता. प्लेस्टेशनवर खेळ जतन करण्यासाठी जे मेमरी कार्ड वापरले जाई, त्याची क्षमता १२८ किलोबाइट होती. ‘६४डीडी’ च्या डिस्कवर त्याच्या कित्येक पट माहिती राहू शकत होती. खेळणाऱ्याने काढलेली चित्रे, रचलेले मार्ग, वसवलेली शहरे कायमस्वरूपी जपता येतील, एका गेममध्ये दुसऱ्या डिस्कने भर घालता येईल, अशा शक्यता त्यातून निर्माण झाल्या.

ड्राइव्हमध्ये सतत चालणारे घड्याळही होते. त्यामुळे यंत्र बंद असतानाही गेमला दिवस, रात्र आणि ऋतू कळू शकत होते. शिवाय कन्सोलची कार्यकारी मेमरी ४ मेगाबाइटवरून ८ मेगाबाइटपर्यंत नेणारा एक जोडभाग यासोबत आवश्यक होता. वेगाच्या बाबतीत हा ड्राइव्ह प्लेस्टेशनच्या सीडी ड्राइव्हपेक्षा सरस, पण कार्ट्रिजपेक्षा पुष्कळच मंद होता. हा शेवटचा मुद्दा पुढे महत्त्वाचा ठरला.

१९८६ मधील अनुभव

डिस्क ड्राइव्ह जोडण्याचा प्रयोग निन्टेंडोसाठी नवा नव्हता. २१ फेब्रुवारी १९८६ रोजी कंपनीने आपल्या ‘फॅमिकॉम’ या कन्सोलसाठी ‘फॅमिकॉम डिस्क सिस्टिम’ जपानमध्ये आणली होती. तिची किंमत १५,००० येन होती. तिच्या डिस्कवर ११२ किलोबाइट माहिती मावत असे, जी त्या वेळच्या सामान्य कार्ट्रिजपेक्षा कितीतरी अधिक होती. ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ हा आज जगप्रसिद्ध असलेला गेम प्रथम याच डिस्कवर आला. जपानमधील दुकानांत ठेवलेल्या यंत्रावर ५०० येन देऊन जुन्या डिस्कवर नवा गेम भरून घेण्याची सोयही होती. या यंत्राचे ४४ लाखांहून अधिक नग विकले गेले.

मात्र त्याच वर्षी जूनमध्ये, म्हणजे अवघ्या चार महिन्यांत, कॅपकॉम कंपनीचा ‘माकाईमुरा’ हा गेम १२८ किलोबाइटच्या कार्ट्रिजवर प्रसिद्ध झाला. डिस्कच्या क्षमतेला चिपने मागे टाकले होते. पुढे कार्ट्रिजमध्ये छोटी बॅटरी बसवून खेळ जतन करण्याची सोय झाली आणि डिस्कचा दुसरा फायदाही उरला नाही. डिस्कची बेकायदा नक्कल करणेही तुलनेने सोपे होते. काही वर्षांत गेम निर्माते पुन्हा कार्ट्रिजकडे वळले.

या अनुभवातून एक निष्कर्ष निघत होता. डिस्कचे महत्त्व तिच्या आणि चिपच्या क्षमतेत जोवर मोठे अंतर आहे, तोवरच टिकते. चिपची किंमत दरवर्षी घटते आणि क्षमता वाढते. त्यामुळे पूरक ड्राइव्ह आणायचाच, तर तो हे अंतर बुजण्यापूर्वी यायला हवा.

पुन्हा पुन्हा बदललेली तारीख

‘६४डीडी’ च्या बाबतीत नेमके उलट घडले. १९९५ मधील घोषणेनंतर नोव्हेंबर १९९६ मध्ये जपानमधील ‘शोशिनकाई’ या व्यापारी प्रदर्शनात हे यंत्र दाखवण्यात आले. १९९७ च्या अखेरीस ते विक्रीस येईल, असे तेव्हा सांगितले जात होते. नंतर ही मुदत १९९८ वर आणि त्यानंतर १९९९ वर गेली. या काळात जगभरातील गेमविषयक नियतकालिकांत ‘६४डीडी’ साठी नियोजित गेमच्या याद्या छापून येत राहिल्या. त्यांतील बहुतेक गेम त्या स्वरूपात कधीच प्रसिद्ध झाले नाहीत.

विलंबाचे मूळ एका दुष्टचक्रात होते. पूरक यंत्रासाठी गेम तयार करायचा, तर ते किती घरांत आहे हे निर्मात्याला पाहावे लागते. मुख्य कन्सोल लाखो घरांत असला, तरी त्यातील काही टक्के ग्राहकच पूरक यंत्र घेतात. त्यामुळे त्यासाठीचा गेम मुळातच लहान बाजारपेठेसाठी असतो. दुसरीकडे पुरेसे गेम दिसल्याशिवाय ग्राहक खर्च करण्यास तयार होत नाही. दोघेही एकमेकांची वाट पाहत थांबतात. हे चक्र तोडण्यासाठी यंत्र निर्मात्यालाच सुरुवातीला स्वतःचे दर्जेदार गेम मोठ्या संख्येने आणावे लागतात. निन्टेंडोच्या गेमनिर्मितीला वेळ लागत होता आणि गेम तयार नसताना यंत्र विकण्यात अर्थ नव्हता.

थांबण्याची किंमतही मोठी होती. निन्टेंडोच्या जुन्या कन्सोलवर ‘फायनल फँटसी’ मालिका प्रसिद्ध करणारी स्क्वेअर कंपनी १९९६ मध्ये सोनीकडे गेली. या मालिकेतील सातवा गेम जानेवारी १९९७ मध्ये प्लेस्टेशनसाठी तीन सीडींवर प्रसिद्ध झाला. जपानमध्ये अतिशय लोकप्रिय असलेल्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’ मालिकेतील सातवा गेम प्लेस्टेशनवर येणार असल्याचे एनिक्स कंपनीने जानेवारी १९९७ मध्ये जाहीर केले. मोठी साठवण हवी असलेल्या निर्मात्यांसाठी पर्याय उपलब्ध होता आणि तो आजच मिळत होता. उद्या येणाऱ्या ड्राइव्हसाठी थांबण्याचे त्यांना कारण नव्हते.

घरचेच गेम निघून गेले

बाहेरच्या निर्मात्यांपाठोपाठ निन्टेंडोचे स्वतःचे गेमही ‘६४डीडी’ कडून कार्ट्रिजकडे वळले. त्यातील सर्वांत महत्त्वाचे उदाहरण ‘झेल्डा’ मालिकेतील ‘ओकारिना ऑफ टाइम’ या गेमचे आहे. शिगेरू मियामोटो यांच्या नेतृत्वाखाली तयार होत असलेला हा गेम प्रारंभी ‘६४डीडी’ साठी नियोजित होता.

परंतु त्यातील नायकाच्या चालण्या-धावण्याच्या, तलवार फिरवण्याच्या, घोड्यावर बसण्याच्या हालचालींची संख्या मोठी होती. खेळणाऱ्याने कळ दाबताच योग्य हालचाल क्षणार्धात पडद्यावर यायला हवी. चिपमधून ती माहिती लगेच मिळते. फिरत्या डिस्कवर मात्र वाचक शीर्षाला योग्य जागी सरकावे लागते आणि तेवढा विलंब खेळात जाणवतो. अखेर हा गेम नोव्हेंबर १९९८ मध्ये ३२ मेगाबाइटच्या कार्ट्रिजवर प्रसिद्ध झाला आणि त्या दशकातील सर्वाधिक गौरवल्या गेलेल्या गेमपैकी एक ठरला.

ज्या गेमसाठी ग्राहकांनी डिस्क ड्राइव्ह विकत घेतला असता, तोच त्यांना ड्राइव्हशिवाय मिळाला. ग्राहकांच्या आणि गेमच्या दृष्टीने हा निर्णय योग्य होता. ड्राइव्हच्या दृष्टीने तो मोठा आघात ठरला. या गेमला जोडून ‘६४डीडी’ वर येणारी ‘उरा झेल्डा’ ही पुरवणीही त्या यंत्रावर प्रसिद्ध झाली नाही. तिच्याशी संबंधित साहित्य पुढे २००२ मध्ये ‘मास्टर क्वेस्ट’ या नावाने ‘गेमक्यूब’ या कन्सोलवर जपानमध्ये आले.

शिगेसातो इतोई यांच्या ‘मदर ३’ या गेमचा प्रवास अधिक खडतर होता. तोही ‘६४डीडी’ साठी आखण्यात आला, नंतर कार्ट्रिजकडे वळला आणि २००० मध्ये रद्द करण्यात आला. नव्याने घडवलेला ‘मदर ३’ एप्रिल २००६ मध्ये ‘गेम बॉय अॅडव्हान्स’ या हातात धरून खेळायच्या यंत्रासाठी प्रसिद्ध झाला. यंत्राला झालेला विलंब केवळ कारखान्याचा नसतो; त्यावर विसंबून काम करणाऱ्या लेखक, चित्रकार आणि संगणक तंत्रज्ञांची वर्षेही त्यात जातात.

अंतर कसे बुजले?

दरम्यानच्या चार वर्षांत कार्ट्रिजची क्षमता वाढत होती. १९९६ मध्ये ‘सुपर मारिओ ६४’ चे कार्ट्रिज ८ मेगाबाइटचे होते. त्या वेळी ६४ मेगाबाइटची डिस्क आठ पट मोठी ठरत होती. १९९८ मध्ये ‘ओकारिना ऑफ टाइम’ ३२ मेगाबाइटवर पोहोचला आणि हे अंतर दुप्पट इतकेच उरले. १९९९ च्या उत्तरार्धात कॅपकॉमचा ‘रेसिडेंट ईव्हिल २’ हा गेम ‘निन्टेंडो ६४’ साठी ६४ मेगाबाइटच्या कार्ट्रिजवर अमेरिकेत आला. प्लेस्टेशनवर दोन सीडी व्यापणारा हा गेम चित्रफिती अत्यंत संक्षिप्त स्वरूपात बसवून एका कार्ट्रिजमध्ये मावला. डिस्क ड्राइव्ह विक्रीला येण्यापूर्वीच कार्ट्रिजने त्याची क्षमता गाठली होती. १९८६ मध्ये घडलेल्या घटनेची ही पुनरावृत्ती होती.

क्षमतेबरोबर अन्य वैशिष्ट्येही एकेक करून ड्राइव्हपासून सुटी झाली. अतिरिक्त मेमरीचा जोडभाग १९९८ पासून स्वतंत्रपणे उपलब्ध झाला. १९९९ मधील ‘डाँकी काँग ६४’ आणि २००० मधील ‘मजोराज मास्क’ या गेमसाठी तो अनिवार्य होता, पण त्यांना डिस्क ड्राइव्हची गरज नव्हती. घड्याळाचेही तेच झाले. ड्राइव्हसाठी कल्पिलेला ‘दोबुत्सु नो मोरी’ हा गेम एप्रिल २००१ मध्ये कार्ट्रिजवर आला तेव्हा घड्याळ त्या कार्ट्रिजमध्येच बसवण्यात आले होते. हीच मालिका पुढे ‘अॅनिमल क्रॉसिंग’ या नावाने जगभर लोकप्रिय झाली.

अखेर विक्री, पण दुकानांऐवजी टपालाने

डिसेंबर १९९९ मध्ये ‘६४डीडी’ उपलब्ध झाला तेव्हा परिस्थिती पूर्णपणे बदललेली होती. सेगा कंपनीचा मोडेमयुक्त ‘ड्रीमकास्ट’ नोव्हेंबर १९९८ पासून जपानच्या बाजारात होता. सोनीचा ‘प्लेस्टेशन २’ मार्च २००० मध्ये येणार होता. एवढेच नव्हे, तर खुद्द निन्टेंडोने मे १९९९ मध्ये ‘डॉल्फिन’ या सांकेतिक नावाने आपल्या पुढील कन्सोलची घोषणा केली होती. तोच नंतरचा ‘गेमक्यूब’. म्हणजेच ज्या कन्सोलसाठी हे पूरक यंत्र होते, त्याचा उत्तराधिकारी आधीच जाहीर झाला होता.

या स्थितीत कंपनीने विक्रीची पद्धत बदलली. जपानच्या रिक्रूट कंपनीच्या भागीदारीत ‘रँडनेट’ ही सेवा सुरू करण्यात आली आणि ड्राइव्ह प्रामुख्याने तिच्या वर्गणीसह देण्यात आला. ‘निन्टेंडो ६४’ आधीच असलेल्यांना दरमहा २,५०० येन, तर कन्सोलसह हवा असल्यास ३,३०० येन असा वर्गणीचा दर होता. या योजनेत ड्राइव्ह, अतिरिक्त मेमरी, मोडेम आणि इंटरनेट पाहण्याची डिस्क मिळत असे. गेमच्या डिस्क टप्प्याटप्प्याने टपालाने घरी येत. टीव्हीच्या पडद्यावर ई-मेल पाठवणे, संकेतस्थळे पाहणे आणि आपण काढलेली चित्रे इतरांना दाखवणे या सोयी त्यात होत्या.

ही कल्पना दूरदर्शी होती. मात्र दूरध्वनीच्या तारेवरून, मंद गतीच्या मोडेमने चालणारी ही सेवा होती आणि जोडणीच्या वेळेनुसार दूरध्वनीचे शुल्क वेगळे पडत असे. शिवाय जपानमध्ये १९९९ पासूनच भ्रमणध्वनीवर इंटरनेट मिळू लागले होते. सेवा बंद करण्याचा निर्णय झाला तेव्हा वर्गणीदारांची संख्या सुमारे १५ हजार होती. ‘निन्टेंडो ६४’ ची जगभरातील एकूण विक्री ३ कोटी २९ लाखांच्या घरात गेली, हे लक्षात घेता हे प्रमाण अत्यल्प होते. जपानबाहेर हा ड्राइव्ह कधीच अधिकृतपणे विकला गेला नाही.

मोजके, पण वेगळे गेम

रँडनेटची डिस्क धरून ‘६४डीडी’ साठी अवघ्या दहा डिस्क प्रसिद्ध झाल्या. संख्या अल्प असली, तरी त्यांत वेगळेपण होते. ‘मारिओ आर्टिस्ट’ या मालिकेत चित्रे काढण्याची, त्रिमितीय आकृत्या घडवण्याची आणि स्वतःचे पात्र तयार करण्याची साधने होती. त्यातील ‘टॅलेंट स्टुडिओ’ सोबत व्हिडिओ चित्र टिपणारे कार्ट्रिज मिळत असे; त्याद्वारे स्वतःचा चेहरा पडद्यावरील पात्राला लावता येई. स्वतःची छोटी प्रतिकृती खेळात उतरवण्याची ही कल्पना २००६ च्या ‘वी’ या कन्सोलवर ‘मी’ या पात्रांच्या रूपात कोट्यवधी घरांत पोहोचली.

काझुतोशी ईदा यांच्या ‘क्योजिन नो दोशिन’ या गेममध्ये खेळणारा एका बेटावरील महाकाय पात्र होऊन जमीन उचलतो, खचवतो आणि तेथील रहिवाशांना मदत किंवा उपद्रव करतो. ‘सिमसिटी ६४’ मध्ये स्वतः वसवलेल्या शहराच्या रस्त्यांवरून फेरफटका मारता येत असे. ‘एफ-झिरो एक्स’ या शर्यतीच्या गेमसाठी आलेली डिस्क मूळ कार्ट्रिजसोबतच वापरायची होती. तिच्यामुळे नवे मार्ग मिळत आणि स्वतःचे मार्ग व वाहने तयार करून जतन करता येत. विकत घेतलेल्या गेममध्ये नंतर भर घालण्याची जी पद्धत आज इंटरनेटमुळे सर्वमान्य झाली आहे, तिचे हे आरंभीचे रूप होते.

इतर कंपन्यांना काय अनुभव आला?

कन्सोलला ड्राइव्ह जोडण्याचा प्रत्येक प्रयत्न फसला, असे मात्र नाही. एनईसी कंपनीने ‘पीसी इंजिन’ या कन्सोलसाठी डिसेंबर १९८८ मध्ये सीडी ड्राइव्ह आणला. त्या वेळी तेथील गेम कार्डांची क्षमता काहीशे किलोबाइट होती, तर सीडी तिच्या हजार पटींहून अधिक माहिती सामावून घेत होती. अंतर इतके मोठे होते की ते काही वर्षांत बुजणे शक्य नव्हते. १९९१ मध्ये कंपनीने कन्सोल आणि ड्राइव्ह एकत्र असलेले यंत्र आणले. जपानमध्ये या सीडींना स्थिर ग्राहकवर्ग लाभला.

सेगा कंपनीचा ‘मेगा-सीडी’ डिसेंबर १९९१ मध्ये जपानमध्ये आला. अमेरिकेत त्याची किंमत २९९ डॉलर होती, म्हणजे मुख्य कन्सोलहूनही अधिक. त्याचे सुमारे २२ लाख नग विकले गेले. मुख्य कन्सोलची विक्री ३ कोटींच्या आसपास होती. १९९४ मध्ये सेगाने त्याच कन्सोलसाठी ‘३२एक्स’ हे आणखी एक पूरक यंत्र आणले आणि अल्पावधीत त्याकडे पाठ फिरवली. या क्रमाने ग्राहकांचा कंपनीवरील विश्वास कमी झाला.

मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २००६ मध्ये ‘एक्सबॉक्स ३६०’ साठी १९९ डॉलरला एचडी डीव्हीडी ड्राइव्ह आणला. तो केवळ चित्रपट पाहण्यासाठी होता; गेम जुन्याच डीव्हीडीवर येत राहिले. फेब्रुवारी २००८ मध्ये तोशिबाने एचडी डीव्हीडीचा पाठपुरावा सोडल्याचे जाहीर केले आणि पाठोपाठ या ड्राइव्हचे उत्पादनही थांबले.

अलीकडचे उदाहरण सोनीचे आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या ‘प्लेस्टेशन ५’ च्या सडपातळ आवृत्तीत डिस्क ड्राइव्ह सुटा करण्यात आला. अमेरिकेत त्याची किंमत ७९.९९ डॉलर ठेवण्यात आली. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या ‘प्लेस्टेशन ५ प्रो’ मध्ये तर तो मुळातच नव्हता. येथे दुष्टचक्राचा प्रश्न उद्भवत नाही, कारण तोच गेम डिस्कवर आणि इंटरनेटवर अशा दोन्ही मार्गांनी मिळतो. प्रश्न वेगळाच निर्माण होतो. डिस्क विकता येते, मित्राला देता येते, जुन्या बाजारात घेता येते. इंटरनेटवरून घेतलेल्या गेमबाबत ही मोकळीक नसते. शिवाय हा ड्राइव्ह प्रथम जोडताना इंटरनेट आवश्यक असते. पूर्वी पूरक ड्राइव्ह अधिक काही देण्यासाठी विकला जाई; आता जे पूर्वी यंत्रातच मिळत होते, ते राखण्यासाठी तो वेगळा घ्यावा लागतो.

मागे काय उरले?

रँडनेट बंद झाल्यावर त्यावर अवलंबून असलेल्या सुविधा निकामी झाल्या. ‘मारिओ आर्टिस्ट’ मालिकेतील चित्रांची देवाणघेवाण करणारी डिस्क आजही कोणाकडे असू शकते, पण ती ज्या सेवेशी बोलत असे, ती अस्तित्वात नाही. चुंबकीय डिस्क काळाच्या ओघात क्षीण होतात आणि ड्राइव्हचे सुटे भागही मिळत नाहीत. हौशी अभ्यासकांनी या डिस्कवरील माहितीच्या प्रती तयार केल्यामुळेच हे गेम आज अभ्यासता येतात. अल्प प्रमाणात विकल्या गेलेल्या यंत्राचा वारसा किती नाजूक असतो, हे यातून दिसते.

‘६४डीडी’ ची कहाणी अपयशाची असली, तरी ती कल्पनांच्या अपयशाची नाही. घड्याळ, मोठी लेखनक्षम साठवण, गेममध्ये नंतर घालायची भर, इंटरनेटची जोडणी आणि खेळणाऱ्याने निर्माण केलेले साहित्य ही पाचही वैशिष्ट्ये आजच्या प्रत्येक कन्सोलमध्ये आहेत. फरक इतकाच की आता ती मुख्य यंत्राचाच भाग आहेत. प्रत्येक ग्राहकाकडे ती असल्याची खात्री असल्याने गेम निर्माते त्यांवर निःशंकपणे विसंबू शकतात.

एखादे वैशिष्ट्य खरोखर आवश्यक असेल, तर ते सर्वांच्या यंत्रात हवे. ऐच्छिक असेल, तर ते वेळेवर यायला हवे. निन्टेंडोने पुढच्या कन्सोलमध्ये याची दखल घेतली. सप्टेंबर २००१ मध्ये जपानमध्ये आलेल्या ‘गेमक्यूब’ मध्ये डिस्क ड्राइव्ह पहिल्या दिवसापासून आतच बसवलेला होता. ‘निन्टेंडो ६४’ च्या तळाशी असलेले जोडणीमुखाचे झाकण मात्र जगभरातील बहुसंख्य घरांत शेवटपर्यंत बंदच राहिले.